मांडवाचं कापड

डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या काडीच्या टोकाला लावलेला लाल मणी हवेत धरला आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघत राहा योगेंद्रभाई. नजर हलवायची नाही." योगेंद्रनं उजव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि तो त्यांच्या नाकाकडे बघू लागला. परक्या बाईच्या नाकाकडे इतका वेळ बघायची त्याला सवय नव्हती. नाकावर चष्म्याचे दोन वळ होते. मणी डावीकडे सरकत गेला, आणखी सरकला, आणि मग नव्हता. "दिसतोय?" "नाही. तुम्ही हात खाली घेतला." "हात होता तिथंच आहे," असं म्हणून त्यांनी चुटकी वाजवली आणि आवाज बरोबर तिथूनच आला. योगेंद्रनं डोळा मिचकावून पुन्हा बघितलं. तिथं काळं दिसलं असतं, धुरकट दिसलं असतं, भोक दिसलं असतं, तर त्याला इतकं वाटलं नसतं. भोकं बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पण तिथं भिंत होती. दवाखान्याची फिक्या पिस्ता रंगाची भिंत, पोपडा नसलेली, सलग. बाईंचा हात मनगटापर्यंत होता आणि मनगटाच्या पुढे भिंत सुरू होत होती, आणि त्यात काही गैर आहे असं त्या भिंतीच्या गावीही नव्हतं.

तो आला होता चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला. पांडेसऱ्यातल्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या-छापायच्या कारखान्यात, तो कापड तपासायचा. खालून दिवे लावलेल्या काचेवरून कापड धावत यायचं आणि योगेंद्र काचेला चिकटून उभा राहून त्यातले डाग, भोकं, चुकलेली छपाई पकडायचा. गेल्या महिन्यात एक माल परत आला. डाव्या काठाला ओळीनं भोकं होती आणि माल योगेंद्रच्या हाताखालून गेला होता. खात्याचा मास्तर चांगला माणूस. ओरडला नाही, डोळे दाखवून ये म्हणाला. योगेंद्रला मात्र राग आला होता, कारण तो काठ त्याला नीट आठवत होता. बारीक पानांची वेल होती, हिरव्यावर सोनेरी, आणि ती वेल कुठंही तुटली नव्हती. भोकं नंतर पडली असणार, ट्रकमध्ये, उंदरांनी, व्यापाऱ्याच्या नालायकपणानं. तो तसं म्हणालाही होता, चारचौघांत, छाती पुढे काढून.

आता बाई त्याला सांगत होत्या की डाव्या डोळ्याच्या पडद्याचा नाकाकडचा भाग सुकलाय, आजकालचा नाही, बऱ्याच वर्षांपासून हळूहळू. गेलेलं परत यायचं नाही, पण लेझर करून उरलेलं राखता येईल. योगेंद्र मान डोलावत होता आणि त्याला यातलं काही नको होतं. त्याला एवढंच विचारायचं होतं की मग तिथं भिंत कुठून आली. बाई हसल्या. म्हणाल्या, "डोळा नुसती खबर पोचवतो. बघायचं काम मागं डोक्यात चालतं. एखाद्या जागेची खबर आलीच नाही तर मेंदू हातावर हात ठेवून बसत नाही. आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि तेच तिथं असणार असं धरून चालतो. आजूबाजूला भिंत, म्हणून तिथंही भिंत." "म्हणजे खोटं दाखवतो?" "खोटं कशाला? अंदाज करतो. आणि तुमचाच नाही, सगळ्यांचा. जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथं प्रत्येकाच्या डोळ्यात एक भोक असतंच. तुम्हाला कधी दिसलं?" रफू, योगेंद्रला वाटलं. डोक्यात कुणीतरी रफूवाला बसलाय, आणि हात असा साफ की ज्याचं कापड त्यालाही पत्ता लागू नये. असा कारागीर सबंध पांडेसऱ्यात मिळणार नाही.

बाई चिठ्ठी लिहायला लागल्या तेव्हा त्यानं विचारलं, "अख्खा माणूस जाईल का त्यात?" त्यांनी वर बघितलं. "गाडी चालवता का?" "नाही. माणूस उभा असला आणि दिसला नाही, असं होईल का?" "कुठं उभा आहे त्यावर आहे. तुमचे दोन्ही डोळे उघडे असतात, तेव्हा डाव्याचं बरंचसं उजवा सांभाळून घेतो. अगदी डाव्या कडेचं मात्र नाक आडवं आल्यानं उजव्याला दिसत नाही. तिथं डावा एकटा, आणि त्यानं काम सोडलंय. जरा पुढं उभा असेल तर दिसेल, कडेला असेल तर नाही." मग सहज म्हणाल्या, "मान वळवायची सवय करा. मान वळवली की सगळं दिसतं."

दवाखान्यातून तो उधना दरवाज्याच्या रस्त्यावर आला तेव्हा दुपार होती आणि श्रावण असूनही ऊन चरचरत होतं. पांडेसऱ्याची बस समोर उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, ती गेली, आणि मग कोसाडची आली तिच्यात तो चढला. चढताना त्यानं काही ठरवलं नव्हतं. जागा मिळाली ती डावीकडच्या खिडकीशी, त्याचं त्यालाच हसू आलं. कोसाडला त्याचा मोठा भाऊ भटू राहायचा आणि वैशाखापासून त्या दोघांत बोलणं नव्हतं.

वैशाखात भटूच्या मुलीचं, धनश्रीचं लग्न झालं. कोसाडच्या वसाहतीतल्या मोकळ्या जागेत मांडव होता, गुलाबी-पांढऱ्या कापडाचा, चुण्या घातलेला. कापड हलकं होतं, पॉलिस्टर, परत आलेल्या मालातलं. योगेंद्रच्या ते आत शिरताक्षणी लक्षात आलं होतं आणि बरं वाटलं होतं, कारण तो आधीच रागावलेला होता. भटूनं पोरीचं लग्न दोंडाईच्याला जमवलं ते सख्ख्या भावाला न विचारता. योगेंद्र पाळीवर असताना हा परस्पर जाऊन सुपारी फोडून आला, आणि योगेंद्रला ते कळलं चहाच्या टपरीवर, तिसऱ्याच माणसाकडून. तरी तो लग्नाला गेला. इस्त्रीचा सदरा घालून, मान ताठ ठेवून, कुणाशी फार न बोलता. मग टोपी-टॉवेलाची वेळ झाली. घरच्या मोठ्या माणसांना मांडवात उभं करून टोपी घालायची, टॉवेल-नारळ द्यायचा, ही रीत. लाउडस्पीकरवर पहिलं नाव पुकारलं गेलं ते त्याचंच: नवरीचे काका. तो पुढं गेला, मधोमध उभा राहिला आणि समोर बघत थांबला. कुणी आलं नाही. लोक बघत होते. डावीकडं मांडवाचं कापड होतं, उजवीकडं खांब, समोर बायका. आपल्याला बोलावून भाऊ गायब झाला, चारचौघांत उभं करून ठेवलं, हे डोक्यात शिरलं आणि कानशिलं तापली. आणखी किती उभं राहायचं? तो वळला आणि सरळ जेवणाच्या पंगतीकडं निघून गेला.

संध्याकाळी भटू त्याच्या अंगावर धावून आला होता. "टोपी हातमा लिसन उभा व्हतू मी! मनाकडे देखं नि निंघी ग्या तू." "तठे कोनी नव्हतं भाऊ. मांडवना कपडा व्हता." "खोटं नको बोलू. बठ्ठा गाव साक्षी शे." आणि खरंच सगळा गोतावळा साक्षी होता. सगळ्यांनी पाहिलं होतं की थोरला भाऊ टोपी धरून उभा आहे आणि धाकटा तोंड फिरवून जेवायला चाललाय. योगेंद्रनं शपथ घेतली. वर्षा, त्याची बायको, तिला त्यानं किती वेळा सांगितलं असेल. तिथली चुणी न् चुणी मला आठवते, तो म्हणायचा, एक चुणी रुंद होती, एक अरुंद, गुलाबी रंग जागोजागी विटला होता. आता बसमध्ये त्याच्या लक्षात आलं की तो जे सांगत होता ते सगळं त्या जागेच्या शेजारचं असणार. शेजारचं कापड घेऊन रफूवाल्यानं त्याच्या भावाला झाकून टाकलं होतं. नुसतं झाकलं नाही, वर चुण्या घातल्या होत्या. योगेंद्रला एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की शेजारच्या माणसाला हे सगळं सांगावं. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच दिसला नव्हता. आणि ते हलकेपण अमरोलीच्या पुलापर्यंतही टिकलं नाही, कारण बाई म्हणाल्या होत्या, जरा पुढं उभा असेल तर दिसेल.

भाऊ कुठं उभा होता? कडेला की पुढं? योगेंद्रनं डोळे मिटून मांडव आठवायचा प्रयत्न केला. मांडव आला, बायका आल्या, खांब आला, आणि डावीकडं परत तेच कापड, जास्तच स्पष्ट. पण त्या कापडावर किती विश्वास ठेवायचा? डोळ्याला खबर आली नाही म्हणून डोक्यानं कापड घातलं, हे एक झालं. पण डोळ्याला खबर आली असेल, उजव्यानं सांभाळून घेतलं असेल, भाऊ टोपी धरून उभा दिसला असेल, आणि डोक्यालाच तो नको असेल तर? मनात एवढं विष असताना डोकं काय काय करत असेल? रफू करणारा एकच असेल तर तो डोळ्याचं भोक कुठलं आणि रागाचं कुठलं हे कशावरून ओळखतो? हे बाईंना विचारायला हवं होतं. पण असं कसं विचारणार, डोळ्याच्या दवाखान्यात?

पुलावर तापी दोन्ही बाजूंना पसरलेली होती. त्यानं समोरच्या दांड्यावर नजर ठेवून डावीकडच्या पाण्याचा अंदाज घेतला. पाणी होतं. म्हणजे पाणी असणार. त्यानं मान वळवली, पाणी होतंच. डोळे फसवतात हे त्याला नवं नव्हतं, हेही खरं. दिवसभर कापड वरून खाली धावताना बघितलं की मशीन थांबल्यावर समोरची भिंत वर चढायला लागायची. भिंत जागची हलत नसायची आणि तरी चढत असायची. नवा माणूस घाबरला की सगळे तपासनीस हसायचे. योगेंद्रही पहिल्या दिवशी घाबरला होता. तेव्हा भाऊनंच त्याला सांगितलं होतं की डोळे मीट, जराशानं थांबतं. भाऊनंच त्याला पारोळ्याच्या बाजूच्या गावाहून आणलं होतं, मिसरूड फुटायच्या आत. भाऊ रंगखात्यात होता. त्याच्या नखांना नेहमी दुसऱ्याच्या साडीचा रंग असायचा. लग्नाच्या दिवशी ती नखं स्वच्छ होती का? टोपी धरलेला हात दिसला असता तर नखं आठवली असती. नखं आठवत नाहीत, म्हणजे दिसला नाही. की नखांकडं बघितलंच नाही? योगेंद्रचं डोकं दुखायला लागलं.

वर्षाचा फोन आला. "डॉक्टरीन काय म्हननी?" "डोयाना पडदा खराब व्हयेल शे. लेझर करनं पडी." ती जेवायला नेहमी त्याच्या डावीकडं बसायची आणि म्हणायची, तुम्हाला दोनदा हाक मारल्याशिवाय मी आहे हे कळत नाही. त्यावर तो म्हणायचा, तू मांजरासारखी येतेस. हे त्याला आताच आठवायला नको होतं. "तुम्ही कोठे शेतस?" "कोसाडले जाई ऱ्हायनू." "भाऊकडे? बलावं का त्यासनी?" "नही." ती काय विचार करतेय हे त्याला माहीत होतं. उद्या कानबाई होती. खानदेशी माणूस कुठंही पोट भरायला गेला तरी श्रावणातल्या त्या रविवारी घरी कानबाई बसवतो. नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिची देवी करायची, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठभर गहू काढून त्या गव्हाचे रोट करायचे, ते भाऊबंदांनी मिळून खायचे. त्यांची कानबाई थोरल्याकडं, कोसाडला. ज्याच्या नावानं मूठ निघाली नाही तो त्या घरचा राहिला नाही, असं कुणी तोंडानं म्हणत नाही. पण दर वर्षी गव्हाचं बोलायला भावजयीचा फोन यायचा आणि यंदा आला नव्हता. वर्षा रोज फोनकडं बघायची. योगेंद्र बघत नाही असं दाखवायचा. आपल्याला त्या घरातून काढलं असेल तर काय करायचं, याचा त्यानं विचार केला नव्हता, कारण तो करता येत नव्हता. दोन भाऊ होते, आईबाप गेले होते, गावचं घर दुसऱ्यांचं झालं होतं. मूठ गेली तर मग तो कुठला?

लहानपणी आई नारळाला डोळे लावायची तेव्हा तो आणि भाऊ जवळ बसून बघायचे. पहिला डोळा लागला तरी नारळ नारळच असायचा. दुसरा लागला की तो एकदम बघायला लागायचा. भाऊ मुद्दाम या बाजूला, त्या बाजूला सरकायचा आणि ओरडायचा, मनाकडेच देखस! नारळात बघणारं कुणी नसतं हे आता योगेंद्रला कळत होतं. नारळात नव्हतं, आणि मांडवात होतं. ज्या जागी काहीच नाही तिथं डोकं देवी बसवतं आणि जिथं सख्खा भाऊ उभा तिथं कापड लावतं. असल्या डोक्याच्या भरवशावर माणसानं शपथा घ्यायच्या म्हणजे कमाल झाली.

कोसाडच्या वसाहतीत भाऊचं घर तळमजल्यावर होतं. दारातच चादरीवर गहू पसरलेले होते आणि भावजय, प्रमिलाबाई, ते निवडत बसली होती. तिनं त्याला बघून पदर सारखा केला. "उनात का भाऊजी? बठा. घरमाच शेतस ते." गव्हाबद्दल ती काही बोलली नाही. गहू पुष्कळ दिसत होते, पण त्यातली एक मूठ कमी आहे की नाही हे कुणाला बघून कळणार? त्यानं चादर ओलांडली.

भटू खाटेवर बसला होता. उठला नाही. "कसाले उना?" योगेंद्र बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरला. "भाऊ, एक इचारानं शे. लगनना दिनले तू कोठे उभा व्हता?" "कोठे म्हंजे? तुना बाजूले." "बाजूले म्हंजे किती बाजूले? पुढे का मांगे?" "याड लागनं का तुले?" मग योगेंद्रनं सांगितलं, उलटसुलट, आधी भिंत मग मणी, मग परत आलेला माल, आणि नाक आडवं येतं ते. सांगता सांगता त्याला वाटलं, हे कुणालाही बनवाबनवीच वाटणार. टोपी नाकारणाऱ्या माणसानं तीन महिन्यांनी येऊन म्हणायचं की डोक्यात रफूवाला बसलाय. प्रमिलाबाई गहू सोडून दारात येऊन उभी राहिली होती. भटू ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे दिखस नही तुले?" "डावीकडे, एकदम कडले दिखस नही. पन तू जरा पुढे व्हता तर दिखाले पायजे व्हतं." हे बोलायची काही गरज नव्हती. पण ते जाणून घ्यायलाच तर तो आला होता.

भटू उठला. फळीवरून त्यानं प्लास्टिकची पिशवी काढली. आत टोपी होती आणि घडी केलेला टॉवेल. ती तशीच ठेवलेली होती हे बघून योगेंद्रला रडू येईल असं वाटलं आणि रागही आला, कशाचा ते कळलं नाही. "उभा ऱ्हाय," भटू म्हणाला. "समोर देख, त्या दिनले देखत व्हता तसा." समोर भिंत होती, हिरवी, तिच्यावर कॅलेंडर. योगेंद्र मान ताठ करून उभा राहिला. भटूची पावलं डावीकडं गेली आणि थांबली. "आठे व्हतू मी. दिखस का?"

दिसत होता. अगदी स्पष्ट नाही, पण दिसत होता. पांढरा सदरा, पुढं केलेला हात, हातात टोपी. चेहरा नव्हता, तरी माणूस होता, आणि कुणालाही सांगता आलं असतं की तिथं कुणीतरी काहीतरी देत उभं आहे. म्हणजे त्या दिवशीही हे एवढं दिसलं असणार. नाही म्हणायला एक शब्द लागत होता आणि तो कुणालाही तपासून बघता आला नसता. बाईंनाही नाही. दारातून प्रमिलाबाई बघत होती. "दिखस," तो म्हणाला.

बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. मग भटू खाकरला. "नही," तो म्हणाला, "आठे नव्हतू मी. जरा मांगे व्हतू." पाऊल सरकल्याचा आवाज झाला. सदरा अर्धा झाला, हात राहिला. "आते?" "दिखस भाऊ. हात दिखस." "आखो मांगे व्हतू मी. तठे तो खांब नव्हता का, त्याना आंगे." पुन्हा पाऊल सरकलं. हात मनगटाशी तुटला, टोपी गेली, आणि भिंत आली. हिरवी, सलग, कॅलेंडरापासून निघून थेट कोपऱ्यापर्यंत पोचलेली. खांब त्या बाजूला नव्हताच. खांब उजवीकडं होता. हे योगेंद्रला लख्ख आठवत होतं. पण त्याला तर मांडवाचं कापडही लख्ख आठवत होतं, आणि आता आठवण्यालाही काही अर्थ उरला नव्हता. "आते?" भिंतीतून भाऊचा आवाज आला, जवळून, जरा घोगरा.

"आते नही दिखत."

"तठेच व्हतू मी," भटू म्हणाला. "आठेच उभा व्हतू." आणि दाराकडं बघून बोलल्यासारखं, "वं, याना नावनी मूठ मोठी टाक. याले लेझर करनं शे." प्रमिलाबाई म्हणाली, "कालदिनच टाकी दिधी ती." योगेंद्र समोरच्या कॅलेंडरकडं बघत उभा होता. कोऱ्या भिंतीतून टोपी आली आणि त्याच्या डोक्यावर बसली, जराशी तिरकी. मग दोन बोटांनी ती सरळ केली. बोटं कपाळाला लागली. नखांचा रंग कोणता आहे हे काही त्याला दिसलं नाही.

मग त्यानं मान वळवली.